जठर राखणारी शस्त्रक्रिया

जठराच्या भिंतीत, आतल्या अस्तराखाली ‘जिस्ट’ नावाची गाठ वाढते. ती जठराच्या पोकळीकडे वाढली असेल, तर पोटाला छिद्र पाडून घातलेल्या दुर्बिणीला जेमतेम उंचवटा दिसतो, कधी तोही नाही. अशा वेळी सर्जन अंदाजाने स्टेपलर लावतो, आणि गाठ मागे राहू नये म्हणून जरा सढळ हातानेच लावतो. गाठीबरोबर निरोगी भिंतही जाते. गाठ अन्ननलिकेच्या तोंडाशी असेल तर ही सढळता फार महाग पडते. तिथला मार्ग आवळतो, प्रसंगी जठराचा मोठा भाग काढावा लागतो. मग माणसाला चार घास पोटभर खाता येत नाहीत, वजन उतरतं. संपूर्ण जठर गेलं तर बी-१२ची इंजेक्शनं जन्मभर मागे लागतात.

टोकियोच्या कॅन्सर इन्स्टिट्यूट हॉस्पिटलमधले नाओकी हिकी आणि त्यांचे सहकारी यांनी २००८ साली यावरची पद्धत प्रसिद्ध केली. तिचं नाव ‘लेक्स’. एकाच टेबलाशी दोन तज्ज्ञ असतात. एंडोस्कोपी करणारा तोंडावाटे जठरात उतरतो, गाठीच्या कडेने खुणा करतो आणि त्यांवरून अस्तर कापत जातो. मग तो मुद्दाम भिंतीला आरपार छिद्र पाडतो. एरवी ज्या छिद्राची एंडोस्कोपीत धास्ती असते, तेच इथे सर्जनची वाट होतं. तिथून तो बाहेरच्या बाजूने त्याच रेषेवर भिंत कापतो, गाठ पोटाकडे उलटवतो आणि उघडी कड स्टेपलरने मिटवतो. गाठीची खरी कड आतूनच कळते, म्हणून जाते ती तेवढीच. मला या पद्धतीचं मोठेपण अवजारांपेक्षा दोन विभागांच्या या एकत्र येण्यात दिसतं.

जिस्ट सहसा लसिकाग्रंथींत पसरत नाही, म्हणूनच इतकं थोडं कापून भागतं. जठराच्या नेहमीच्या कर्करोगात त्या ग्रंथीही काढाव्या लागतात, तिथे हा हिशेब चालत नाही. जिस्टचं आवरण मात्र फाटता कामा नये.

मूळ पद्धतीत जठर उघडं पडतं. त्यातला स्राव पोटात सांडू शकतो आणि गाठीवर व्रण असेल तर तिच्या पेशीही. म्हणून जपानमध्येच ‘न्यूज’ ही सुधारित रीत निघाली. तीत सर्जन बाहेरचे थर कापून गाठ आत ढकलतो आणि वरून शिवून टाकतो. मग एंडोस्कोपीवाला आतून अस्तर कापून गाठ तोंडावाटे बाहेर काढतो. तीन सेंटिमीटरच्या वरच्या गाठीला ही वाट बहुधा अरुंद पडते.