कीटकांचे जग : डासाशी लढताना मित्रांची ओळखही हवी

छत्तीसगडमधील भिलाई येथे २०१८ च्या पावसाळ्यात डेंग्यूची मोठी साथ आली आणि तीत अनेकांचा बळी गेला. खुर्सीपारसारख्या दाट वस्तीच्या भागांना तिची विशेष झळ बसली. पोलाद कारखान्याच्या उभारणीच्या काळात वसलेला कॅम्प-१ हाही असाच दाटीवाटीचा भाग. घराला लागून घर, साठवलेले पाणी आणि उन्हाळ्यात दारोदारी दिसणारे कूलर, अशा ठिकाणी डेंग्यूच्या डासाला घर शोधावे लागत नाही. साहजिकच कीटक म्हटला की तो मारायचाच, अशी भावना निर्माण होते. मात्र ही भावना उपयोगाची कमी आणि हानीची अधिक ठरते.

सहा पाय, डोके-छाती-पोट असे तीन भागांचे शरीर आणि बाहेरून कठीण कवच ही कीटकांची ओळख. त्यांच्या दहा लाखांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. माणसाला त्रासदायक ठरणाऱ्या जाती त्यांत अगदी थोड्या आहेत. मधमाश्या, फुलपाखरे व भुंगे परागीभवन करतात. जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमीअधिक प्रमाणात कीटक व इतर प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनावर अवलंबून असतात. वाळवी व शेणकिडे मृत लाकूड, पाला आणि शेण यांचे मातीत रूपांतर करतात. छत्तीसगडमध्ये आणि विदर्भातील भंडारा, गडचिरोली या जिल्ह्यांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर वाढणाऱ्या अळीच्या कोषातून टसर, अर्थात कोशाचे रेशीम मिळते. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरील लाख हीदेखील एका कीटकाचीच देणगी आहे.

डासांच्याही सुमारे साडेतीन हजार जाती असून डेंग्यूचा प्रसार मुख्यतः एडिस इजिप्ती ही जात करते. पायांवर पांढरे पट्टे असलेला हा डास दिवसा चावतो. रक्त केवळ मादी शोषते, कारण अंड्यांच्या वाढीसाठी तिला त्याची गरज असते. नर फुलांतील मधुरसावर जगतो. मादी कूलर, टाकी, जुने टायर किंवा करवंटी यांच्या आतील बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर अंडी चिकटवते. पाणी आटले तरी ही अंडी कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी मिळताच त्यांतून अळ्या बाहेर पडतात. अनुकूल हवामानात अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात.

डासाच्या याच सवयींत त्याच्यावरील उपाय दडलेला आहे. धुराच्या फवारणीने उडणारे डास मरतात, परंतु अंडी आणि पाण्यातील अळ्या शिल्लक राहतात. काही दिवसांतच नवे डास तयार होतात. शिवाय सरसकट फवारणीत मधमाश्या आणि चतुर यांनाही धोका पोहोचतो. चतुराची पिल्ले तर पाण्यात राहून डासांच्याच अळ्या फस्त करतात. साथीच्या काळात फवारणी आवश्यक असली, तरी केवळ तिच्यावर विसंबणे योग्य नाही.

रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी आढळले. डासाचा बारकाईने अभ्यास झाला, म्हणूनच हिवतापाशी लढण्याचा मार्ग सापडला. डेंग्यूबाबतही हेच खरे आहे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळून सर्व भांडी व कूलर रिकामे करावेत आणि त्यांच्या कडा घासून पुसाव्यात. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही, कारण अंडी कडेलाच चिकटून राहतात. हा डास सहसा जन्मस्थानापासून फार दूर उडत जात नाही. त्यामुळे एका घरातील दुर्लक्ष शेजाऱ्याला भोवते आणि एका गल्लीने घेतलेली काळजी साऱ्या गल्लीला वाचवू शकते.