नवा इंजिनिअर आणि जुने मिस्त्री

आमच्या विणकर, सुतार, मिस्त्री बांधवांची मुले आता शिकून इंजिनिअर होत आहेत, ही समाधानाची बाब आहे. परंतु कारखान्यात गेलेल्या मुलाला पगार पहिल्याच महिन्यात मिळतो, इज्जत मात्र कमवावी लागते. ती कशी, हे आम्ही आमच्याच घरातील उदाहरणाने सांगतो.

आमचा भाचा वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला. एका यंत्राचा पट्टा घसरत होता. तो आणखी ताणून बसवा, असा त्याने हुकूम दिला. तीस वर्षे काम केलेले मिस्त्री म्हणाले, "साहेब, एवढा ओढला तर बेअरिंगवर जोर येईल." उत्तर मिळाले, "सांगितले तेवढे करा." चौथ्या दिवशी बेअरिंग जळाले. मिस्त्री काही बोलले नाहीत. पण त्या दिवसापासून सगळे खाते भाच्याला फक्त "हो साहेब" म्हणू लागले. वाचक बंधूंनो, हे "हो साहेब" फार महाग पडते. चूक दिसत असूनही माणसे गप्प राहतात आणि साहेबाला ती नुकसान झाल्यावरच कळते.

भाचा नोकरी सोडण्याच्या गोष्टी करू लागला. रविवारी आम्ही त्याला वेरूळला नेले. तेथील दहावे लेणे सुमारे सातव्या शतकातील बौद्ध चैत्यगृह आहे. त्याच्या छताला दगडातच कोरलेल्या कमानदार फासळ्या आहेत. लाकडी छताला अशा फासळ्यांचा आधार लागतो. डोंगरात कोरलेल्या छताला त्यांची गरज नसते. म्हणजे दगड कोरणाऱ्याने सुताराचे काम नजरेसमोर ठेवले होते. लोकही या लेण्याला "सुतार का झोपडा" म्हणत आले आहेत.

मग आम्ही सोळावे, म्हणजे कैलास लेणे पाहिले. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, ते वरून खाली कोरत आणले. येथे छिन्नी जास्त बसली तर उडालेला दगड परत येत नाही. आराखडा करणाऱ्याला छिन्नी धरणाऱ्याचे ऐकावेच लागले असणार. इ.स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात वर्णन आहे की, हे काम आपल्या हातून झाले तरी कसे, याचे खुद्द कारागिरालाच नवल वाटले.

परतताना भाचा म्हणाला, "मामू, मी काकांची माफी मागू? सगळ्यांसमोर?"

आम्ही म्हणालो, "हुकूम सगळ्यांसमोरच दिला होता ना?"

सोमवारी त्याने माफी मागितली. मिस्त्रींनी त्याला स्क्रूड्रायव्हरचे टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाशी धरायला शिकवले. बेअरिंग बिघडू लागले की आवाज बदलतो. भाच्याने त्यांना पट्ट्याचा ताण मोजून बसवण्याची रीत दाखवली.

तेव्हा नम्रता म्हणजे आपले ज्ञान लपवणे नव्हे. नव्या इंजिनिअरने हुकमाआधी विचारावे, चूक झाली तर स्वतःच्या नावावर घ्यावी आणि मिस्त्रीने सुचवलेली गोष्ट वरच्या साहेबाला मिस्त्रीचे नाव घेऊनच सांगावी. आम्ही कापडाच्या गादीवर बसलो तेव्हा सुताची पारख आम्हालाही विणकरांनीच शिकवली. जुन्या कारागिरांनाही आमची विनंती आहे: मुलगा विचारायला आला तर हात आखडू नका.