व्रताची सीमा

दूधतूप खाणारा आपला शाकाहारी आणि इंग्लंडातील ‘व्हीगन’ यांच्यात मोठे अंतर आहे. सुतारकाम शिकविणारे शिक्षक डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनी १९४४ साली व्हीगन सोसायटी स्थापिली. मांसाबरोबर दूध, अंडी, मधही वर्ज्य. अंगावर लोकर-रेशीम नको, पायांत चामडे नको.

खरी कसोटी लागते ती दुकानात. गोळ्यांचा लाल रंग कधी किड्यांपासून काढलेला, तर बियर माशाच्या सरसाने निवळलेली. म्हणून वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचणे हा त्यांचा नित्यपाठ!

एवढे करूनही सुटका नाही. २०१६ साली बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची प्लॅस्टिकची नोट काढली. तिच्यात जनावरांच्या चरबीचा अंश निघाला. जिन्नस नाकारता येतो, चलन कसे नाकारणार? लाखावर लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या. तरीही २०१७ साली बँकेने तीच पद्धत कायम ठेवली.

सोसायटीच्या व्याख्येत ‘शक्य व व्यवहार्य असेल तितके’ असे शब्द आहेत. कोणी त्यास पळवाट म्हणेल. पण आजाऱ्याने जिलेटिनच्या कुपीतले औषध घेतले, तर त्याचे व्रत मोडत नाही. पर्याय समोर असता केवळ आळसाने तो टाळला, तर मोडते.

आणि ‘शक्य’ची सीमाही अचल नसते. माशाचा सरस सोडण्याचे गिनेस कंपनीने २०१५ साली जाहीर केले. एकट्याचा निग्रह दुकानाच्या दारापर्यंतच पोचतो; कारखान्याची रीत बदलावयास अनेकांची मागणी लागते. कामगारांना हे सांगावयास नको.