‘खाल्ले’ म्हणजे नेमके काय? : कुत्र्याची पिले आणि मराठीतील भक्षणवाचक क्रियापदे

कुत्र्याचे पिलू घरात आले की चपला, मोजे, सुतळी, वह्यांचे पुठ्ठे, आंब्याच्या कोयी यांपैकी काहीही सुरक्षित राहत नाही, हा सर्वांच्याच अनुभवाचा विषय आहे. पशुवैद्याच्या दृष्टीने तो चिकित्सेचा प्रश्न होय. परंतु भाषेच्या अभ्यासकानेही त्यात लक्ष घालावे असे बरेच काही त्यात आहे. पिलू आजारी पडले म्हणजे वैद्यापुढे प्रथम येते ती तोंडात घातलेली वस्तू नव्हे, तर त्या वस्तूविषयी मालकाने उच्चारलेले वाक्य. आणि त्या वाक्यातील क्रियापदावर पुढील निर्णय पुष्कळदा अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात या क्रियापदांचा अर्थविचार करावयाचा आहे.

प्रथम पिलाच्या वागणुकीची कारणे पाहणे इष्ट ठरेल. पिलास सुमारे तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात येऊ लागतात. त्यांची संख्या २८ असते. साधारणतः चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागून सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवत असल्यामुळे पिलू सापडेल ती वस्तू दातांखाली धरते. शिवाय ज्याप्रमाणे तान्हे मूल हाताने चाचपून वस्तूची ओळख करून घेते, त्याप्रमाणे पिलू ती तोंडाने करून घेते. दुसरी गोष्ट अशी की, कुत्र्याच्या दाढा मुख्यतः कातरण्याच्या कामाच्या आहेत. गाईबैलांप्रमाणे जबडा आडवा फिरवून घास बारीक दळणे त्याला साधत नाही. त्यामुळे तोंडात मावेल तो तुकडा तो जवळजवळ अखंडच घशाखाली उतरवतो. चावणे आणि गिळणे यांमधील अंतर कुत्र्याच्या बाबतीत असे क्षणाचे असते.

आता भाषेकडे वळू. संस्कृत ‘चर्व्’ पासून आलेले ‘चावणे’ हे क्रियापद मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे : दात रोवून जखम करणे, आणि दातांखाली वस्तू रगडणे. हिंदीत या दोहोंना ‘काटना’ व ‘चबाना’ अशी भिन्न क्रियापदे आहेत. मराठीत हा भेद भूतकाळी प्रयोगावरून कळतो. ‘पिलू मुलाला चावले’ हा कर्तरी प्रयोग. येथे क्रियापद पिलाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते व अर्थ दंशाचा आहे. ‘पिलाने चप्पल चावली’ हा कर्मणी प्रयोग. येथे क्रियापद चपलेप्रमाणे चालते व अर्थ चर्वणाचा आहे. ‘मुलाला चप्पल चावली’ असे म्हटले तर पुन्हा कर्तरी प्रयोग होऊन नव्या चपलेने पायाला जखम केल्याचा बोध होतो. ‘पिलाने मुलाला चावले’ असा भावे प्रयोगही कानी पडतो; तथापि त्यानेही दंशाचाच बोध होत असल्याने वरील भेदास बाध येत नाही. सारांश, दंश आणि चर्वण यांच्यात व्याकरण आपल्याला सहसा फसू देत नाही.

याच्यापुढे मात्र व्याकरणाचा आधार सुटतो. ‘पिलाने कोय चावली’, ‘पिलाने कोय गिळली’ आणि ‘पिलाने कोय खाल्ली’ ही तिन्ही वाक्ये कर्मणी प्रयोगातीलच असून त्यांच्या रचनेत तिळमात्र फरक नाही. भेद केवळ शब्दात आहे. असे शब्द मराठीत विपुल आहेत. ‘कुरतडणे’ म्हणजे पुढच्या दातांनी कडेकडेने झिजवणे. ‘चोखणे’ म्हणजे ओठ-जिभेने रस ओढून घेणे. ‘चघळणे’ म्हणजे वस्तू बराच वेळ तोंडात घोळवणे. ‘गिळणे’ म्हणजे न चावता घशाखाली उतरवणे. पहिल्या तीन क्रियांनंतर वस्तू किंवा तिचा चोथा बाहेर शिल्लक राहतो, चौथीनंतर राहत नाही. परंतु व्यवहारात या सर्वांच्या जागी एकटे ‘खाणे’ येऊन बसते. मूळ ‘खाद्’ धातूचा हा वंशज मराठीत अन्नापुरता मर्यादित राहिलेला नाही. वाळवी लाकूड खाते, गंज लोखंड खातो, उंदीर पोती खातात. या ठिकाणी ‘खाणे’ याचा अर्थ ‘नासधूस करणे’ एवढाच आहे. ‘पिलाने चप्पल खाल्ली’ असे सांगणाऱ्याच्या मनात बहुधा हाच अर्थ असतो. ऐकणाऱ्याला मात्र चपलेचा पट्टा पोटात गेला की अंगणात पडला आहे, हे त्यावरून समजत नाही.

या संदिग्धतेचे परिणाम कसे होतात, हे अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील प्रवराकाठच्या बेलापूरसारख्या गावाच्या संदर्भात पाहता येईल. १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर हा परिसर उसाचा झाला. मळ्यातील वस्तीवर वाढणाऱ्या पिलाच्या तोंडाशी उसाची चिपाडे, दाव्यांचे तुकडे, पोत्यांची सुतळी, उन्हाळ्यात कोयी आणि बांधावरच्या एरंडाच्या बिया या वस्तू सहज येतात. यांपैकी कोय आणि एरंडाचे बी ही दोन उदाहरणे विशेष बोधप्रद आहेत. कोय चघळली वा चोखली तर सहसा बिघडत नाही. गिळली तर ती लहान आतड्यात अडकून प्राणावर बेतते. एरंडाच्या बीचे नेमके उलट आहे. टरफल शाबूत असलेले बी गिळले तर ते तसेच बाहेर पडण्याचा संभव असतो. चावले तर टरफल फुटून त्यातील रायसिन हे तीव्र विष मोकळे होते. म्हणजे एका वस्तूच्या बाबतीत ‘गिळली’ हा शब्द भीतीचा, तर दुसरीच्या बाबतीत ‘चावले’ हा. ‘डॉक्टरसाहेब, पिलानं खाल्लं’ या वाक्यात दोन्ही भेद बुडून जातात.

क्ष-किरणांनी हे सहज उलगडेल, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो अंशतःच खरा आहे. धातू, हाड, दगड ही क्ष-किरणचित्रात स्पष्ट उमटतात. कापड, सुतळी, लाकूड व पुष्कळसे प्लास्टिक उमटत नाही, आणि कोयही अनेकदा अस्पष्ट राहते. सोनोग्राफीची मदत होते. परंतु गावच्या गुरांच्या दवाखान्यात ती असेलच असे नाही. अशा वेळी मालकाचा शब्द हाच मुख्य पुरावा ठरतो.

तेव्हा पिलाने नको ती वस्तू तोंडात घातल्यास प्रथम शिल्लक राहिलेले तुकडे गोळा करून जुळवून पाहावेत. ते पुरे भरले तर ‘चावले’, उणे पडले तर ‘गिळले’ असे समजावे. वस्तू कोणती, किती आणि केव्हा, हे त्याच वाक्यात सांगावे. कारण वैद्याला ओकारी करवून वस्तू बाहेर काढता येते ती साधारणतः पहिल्या दोनएक तासांतच, आणि टोकदार किंवा दाहक वस्तूंच्या बाबतीत तो उपाय वर्ज्य असतो. घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी करवणे धोक्याचे आहे. सुतळीचे टोक तोंडातून वा गुदद्वारातून दिसत असले तरी ओढू नये. आत अडकलेली सुतळी ताणली गेल्यास आतड्याच्या चुण्या पडून ते कापले जाते. वारंवार ओकणे, अन्न नाकारणे, पोटाला हात लावू न देणे, शौच न होणे ही लक्षणे दिसल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा.

शब्दसंपत्तीची चर्चा करताना तिच्या विपुलतेचा गौरव करण्याचा प्रघात आहे. कुरतडणे, चोखणे, चघळणे, चावणे, गिळणे ही मालिका त्या गौरवास पात्र आहेच. तथापि शब्द कोशात असणे वेगळे आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडी योग्य वेळी येणे वेगळे. घाईच्या प्रसंगी बोलणारा सर्वांत व्यापक शब्द उचलतो, ही भाषाव्यवहाराची सामान्य प्रवृत्ती होय. म्हणून ‘खाल्ले’ हे उत्तर ऐकून न थांबता ‘चावले की गिळले?’ असा दुसरा प्रश्न वैद्याने आवर्जून विचारावा. त्याचे अचूक उत्तर देण्यास लागणारे शब्द बेलापूरच्या मळ्यातील माणसाजवळ पूर्वीपासूनच आहेत.