क्लबची सभा आणि कुट्टीचे तोंड

शिकागोच्या पहिल्या रोटरी क्लबात सुरुवातीच्या काळात एका सभासदाकडे वेगळ्याच हिशेबाची वही असे. कोणत्या सभासदाने कोणाला किती धंदा मिळवून दिला, याची नोंद तो ठेवी. सभेला दांडी मारली तर अर्धा डॉलर दंड, आणि त्या दंडातून क्लबचा खर्च. 23 फेब्रुवारी 1905 रोजी पॉल हॅरिस हा वकील, एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक कपडे शिवणारा असे चौघे जमले, तेव्हा एकमेकांचा धंदा वाढवणे आणि मैत्री जोडणे यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हते. दिवाळीत वह्यावाटप, पावसाळ्यात वृक्षारोपण आणि वर्षभर शिबिरे यांतून आपल्याला ठाऊक असलेली ही संस्था मुळात अशी होती. ती बदलली कशी, याचे कुतूहल मला फार वर्षांपासून आहे.

बदलाचे श्रेय ज्याला द्यायला हवे, त्याचे नाव रोटेरियनांनाही क्वचितच आठवते. डोनाल्ड कार्टर हा पेटंटचे काम करणारा वकील. 1906 मध्ये फ्रेडरिक ट्वीड नावाच्या सभासदाने त्याला क्लबात येण्याचे आमंत्रण दिले. कार्टरने नियमावली वाचली आणि नकार दिला. जे सभासद नाहीत त्यांच्यासाठी काहीही न करणाऱ्या मंडळाला भवितव्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. ट्वीडने वाद घातला नाही. तूच आत ये आणि नियम बदल, असे तो म्हणाला. कार्टर आला, आणि शहराच्या हिताचे तिसरे उद्दिष्ट नियमावलीत दाखल झाले. बाहेर राहून नावे ठेवणारे पुष्कळ असतात. आत येऊन नियमावली बदलणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे.

या तिसऱ्या उद्दिष्टाखाली क्लबने हाती घेतलेले पहिले मोठे काम कोणते? शहराच्या मध्यवर्ती भागात सार्वजनिक स्वच्छतागृह. त्याला विरोध झाला तो गुत्तेवाले आणि मोठे दुकानदार यांच्याकडून. पुरुषांसाठी गुत्त्यात सोय आहे, बायकांसाठी दुकानांत आहे, मग वेगळी कशाला? गुत्त्यात शिरणाऱ्याला पेला विकत घ्यावा लागे आणि दुकानात शिरणारीला काही खरेदी करावी लागे, हे उघड होते. क्लबवाल्यांनी महापालिकेकडे खेटे घालून, इतर मंडळांना बरोबर घेऊन ते काम तडीस नेले. म्हणजे या चळवळीच्या पहिल्या कामात कोणाला काही वाटले गेले नाही. रोजची अडचण मुळातून दूर करायची, त्यासाठी आठवड्यामागून आठवडे बसायचे आणि हितसंबंधियांचा रोष पत्करायचा, असे ते काम होते.

पुढचा इतिहास वाचकांना माहीत आहे. भारतात कलकत्त्याला 1920 च्या सुमारास आणि मुंबईला 1929 मध्ये क्लब आला, आणि स्वातंत्र्यानंतर तालुक्याच्या गावांपर्यंत तो पोचला. स्त्रियांना प्रवेश मिळायला मात्र 1989 उजाडले, आणि ही उशिराची गोष्ट संस्थेला भूषणावह नाही. आमच्या पुणे जिल्ह्यात शिरूर आणि दौंड या दोन्ही गावांत रोटरी आहे. रोटरीच्या नकाशात पुणे आणि रायगड हे जिल्हे 3131 या प्रांतात येतात. शिरूरला घोड ओलांडली किंवा दौंडला भीमा ओलांडली की प्रांत बदलतो, 3132 सुरू होतो.

सभेचा साचा सगळीकडे सारखाच. अध्यक्षांच्या गळ्यात पट्टा, टेबलावर घंटा, राष्ट्रगीत, चतुर्विध कसोटी, वाढदिवसांच्या शुभेच्छा, पाहुण्यांचे व्याख्यान, आभार, जेवण. ती चार प्रश्नांची कसोटी 1932 मध्ये हर्बर्ट टेलर याने शिकागोतल्या आपल्या डबघाईला आलेल्या भांड्यांच्या कारखान्यासाठी लिहिली होती. बाहेरच्या माणसाला हे सगळे निव्वळ सोपस्कार वाटतात. मला तसे वाटत नाही. या साच्यात दोन जुन्या गोष्टी आहेत आणि त्यांचे मोल मोठे आहे. पहिली, हजेरी. पूर्वी आठवड्याची सभा चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन ती भरून काढावी लागे. 2016 पासून महिन्यातून किमान दोन सभा घेतल्या तरी चालते. ही सवलत काळानुसार असेल, पण तिने नुकसान केले असे माझे मत आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वर्गीकरण. एका व्यवसायाचा एकच सभासद घ्यायचा, असा मूळ नियम होता. तो 2001 मध्ये सैल झाला, तरी हेतू तोच राहिला. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, शेती-औजारांचा विक्रेता, वेल्डिंगचे वर्कशॉप चालवणारा, विमा-प्रतिनिधी आणि कारखान्यातला अभियंता यांनी एका टेबलाशी बसावे, हा तो हेतू. तालुक्याच्या गावात अशी दुसरी जागा शोधून सापडत नाही.

या टेबलावर कोणता प्रश्न असायला हवा, हे शोधताना मी एका कृत्रिम हातापाशी पोचलो.

कॅलिफोर्नियातले एक औद्योगिक रचनाकार एर्नी मेडोज यांची तरुण मुलगी एलेन मोटार-अपघातात गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी प्लास्टिकचा एक हलका हात तयार केला, तो एलएन-4. कोपराखाली पुरेसा हात शिल्लक असेल तर तो पट्ट्यांनी बांधता येतो, शस्त्रक्रिया लागत नाही, वीज लागत नाही. दुसऱ्या हाताने बोटे हव्या त्या ठिकाणी अडकवायची, मग त्यात चमचा, पेन, ब्रश, सायकलचा दांडा धरता येतो. हा हात विकायचा नाही, फुकटच द्यायचा, ही अट आहे. तो जगभर पोचवण्यात रोटरीचा मोठा वाटा आहे, आणि पुण्यात रोटरी क्लब ऑफ पूना डाऊनटाऊनने हे काम मनावर घेतले. हात बांधल्यावर माणूस पहिल्यांदा पेन धरून नाव लिहितो, तेव्हाचे समाधान खोटे नसते. अशा शिबिरांना नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण शिबिराच्या रांगेत उभ्या माणसाला आणखी एक प्रश्न विचारायला हवा. हात गेला कशाने?

आपल्या भागातले शेतकरी याचे उत्तर विचारायच्या आत देतील. विजेची तार, उसाचा चरक, मळणीयंत्र आणि कडबा-कुट्टी. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे आणि दुधाचे. न्हावऱ्याला घोडगंगा कारखाना, पाटसला भीमा कारखाना, केडगावच्या बाजूला गुऱ्हाळे, आणि घरोघरी गाई. गाई आल्या की कुट्टी आली. मका, कडवळ, हत्तीघास, उसाचे वाढे असे सारे त्या तोंडातून जाते. चारा ओढणारे दोन दातेरी रूळ आणि त्यांच्या मागे फिरत्या चाकावर बसवलेली पाती, एवढीच रचना. पेंढीचा शेवटचा तोकडा भाग रुळांनी धरला नाही की माणूस तो हाताने आत रेटतो. रूळ बोटे धरतात, आणि चाक गतीत असल्यामुळे बटण बंद केले तरी लगेच थांबत नाही. ओला चारा हाताला चिकटतो, बांगडी अडकते, पदर ओढला जातो. वैरण-पाणी बहुतेक घरांत बायकांकडे असते, आणि सुट्टीच्या दिवशी पोरांकडे.

या यंत्रावर भारतात कोणी विचार केला आहे का, हे धुंडाळताना 1992 सालचा एक शोधनिबंध समोर आला. सुरक्षित शेती-औजारांच्या रचनेवरच्या या निबंधाचे लेखक दिनेश मोहन आणि राजेश पटेल. मोहन हे दिल्लीच्या आयआयटीतले प्राध्यापक. 2021 मध्ये ते गेले, तेव्हा रस्ते-सुरक्षेचा अभ्यासक म्हणून त्यांना सगळ्यांनी आठवले. कुट्टीचे काम कोणाला आठवले नाही, आणि माझ्या मते ते त्यांच्या रस्त्यावरच्या कामाइतकेच मोलाचे आहे. त्यांनी हरियाणाच्या गावांत जाऊन जखमा कशा होतात ते पाहिले. तिथे हाताने फिरवायच्या कुट्ट्या होत्या. मोठी माणसे चारा घालताना सापडत, आणि लहान मुले रिकाम्या यंत्राशी खेळताना. काळजी घ्या असे फलक लावून हे थांबणार नाही, यंत्रच बदलले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी सुचवलेले बदल गावच्या लोहाराला करता येण्याजोगे होते. ओढणाऱ्या रुळांच्या अलीकडे आणखी एक रूळ, म्हणजे हात धोक्याच्या जागी पोचण्याआधीच माणसाला जाणीव व्हावी. पात्यांवर आवरण. काम नसताना चाक जागच्या जागी अडकवून ठेवायची खीळ.

मळणीयंत्राच्या बाबतीत हीच दृष्टी कायद्यात उतरली. 1983 मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा केंद्रीय कायदा झाला. मळणीयंत्राच्या भारतीय मानकात धान्य घालायची पन्हळ किमान 900 मिलिमीटर लांब आणि त्यातली 450 मिलिमीटर झाकलेली असावी, असे सांगितले आहे. हात आत पोचूच नये, एवढाच त्यामागचा विचार आहे. कुट्टीच्या तोंडालाही तो लागू पडतो. आता रिव्हर्स गिअर असलेल्या कुट्ट्या मिळतात, ते चांगलेच. पण वाड्या-वस्त्यांवर उघड्या चाकाची, पन्हळीचे झाकण केव्हाच पडून गेलेली यंत्रे अजून चालतात.

इजा होऊच नये असे पाहायचे, हा धडा रोटरीने स्वतःच्या सर्वांत मोठ्या कामात गिरवलेला आहे. पोलिओ झालेल्या मुलांना कॅलिपर आणि कुबड्या देणे हे एके काळी सेवा-संस्थांचे ठरलेले काम होते. 1979 मध्ये फिलिपिन्समध्ये रोटरीने लस द्यायला सुरुवात केली, 1985 मध्ये जगभराची मोहीम जाहीर केली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी हावड्याला आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. कॅलिपर वाटत राहून ते कधीच मिळाले नसते.

म्हणून शिरूरच्या आणि दौंडच्या क्लबांकडे, आणि तिथल्या इतर सेवा-मंडळांकडेही, माझे मागणे आहे. एका सभेला पाहुणा म्हणून कुट्टीत बोटे गमावलेल्या माणसाला बोलवा आणि त्याला बोलू द्या. पुढच्या सभेपर्यंत वर्कशॉपवाल्या सभासदाने झाकण, खीळ आणि लांब पन्हळ यांचा एक नमुना करून टेबलावर ठेवावा. औजार-विक्रेत्याने आवरणाशिवाय यंत्र विकणार नाही, असे त्याच सभेत सांगावे. डॉक्टरने गावोगावच्या दूध-डेअरीवर एवढे शिकवावे, की तुटलेले बोट ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घालायचे आणि ती पिशवी बर्फात ठेवायची, बोट थेट बर्फावर ठेवायचे नाही, आणि तास न दवडता पुणे गाठायचे. वकिलाने आणि विमा-प्रतिनिधीने गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे अर्ज भरून द्यावेत. एक अवयव निकामी झाल्यास 1 लाख रुपये आणि मृत्यू किंवा दोन अवयव गेल्यास 2 लाख रुपये देणारी ही योजना आहे, आणि कागदांअभावी पुष्कळ घरे तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

याला मोठी देणगी लागत नाही. लागते ती दर आठवड्याची हजेरी, आणि मागच्या वेळी ठरले त्याचे काय झाले, हे विचारणारा अध्यक्ष. पदग्रहण 1 जुलैच्या सुमारास होते आणि वर्षाने अध्यक्ष बदलतो, त्यामुळे हे काम एका अध्यक्षाच्या नावावर न राहता क्लबच्या इतिवृत्तात राहिले पाहिजे. नवा चारा कापायचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. पहिली सभा त्याआधी घ्या.