विश्लेषण : रक्तातील जिवाणू औषधांना जुमानेनात; हे मोजतात कसे?

जगभरात २०२३ मध्ये प्रयोगशाळेत निदान झालेल्या दर ६ जिवाणू संसर्गांपैकी १ प्रतिजैविकांना दाद देत नव्हता, असे जागतिक आरोग्य संघटनेचा २०२५ मधील अहवाल सांगतो. भारत ज्यात मोडतो, त्या आग्नेय आशिया विभागात हे प्रमाण ३ पैकी १ आहे.

रक्तावरच लक्ष का?
निरोगी माणसाच्या रक्तात जिवाणू सहसा सापडत नाहीत. तिथे संसर्ग झाला की जिवावर बेतते आणि योग्य औषधाला झालेला उशीर महागात पडतो.

मोजणी कशी होते?
ब्लड कल्चरच्या बाटलीत जिवाणू वाढवून त्यांच्यावर वेगवेगळी औषधे तपासली जातात. भारतात ‘आयसीएमआर’चे जाळे २०१३ पासून ही माहिती गोळा करते.

आकडा कुठे फसतो?
प्रतिजैविक आधी सुरू झाले आणि रक्त नंतर घेतले, तर जिवाणू अनेकदा बाटलीत वाढत नाहीत; संसर्ग नोंदीतून सुटू शकतो. औषध लागू न पडलेल्यांचेच कल्चर केले, तर प्रतिरोधाचा आकडा फुगतो.

रुग्णाचा संबंध काय?
शक्य तिथे पहिल्या डोसआधीच रक्त घेतले जावे, मात्र त्यासाठी उपचार लांबू नयेत. अहवाल आल्यावर औषध बदलायचे का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे.