पिल्लाचे उपजत शस्त्र

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लाला निसर्गाने निःशस्त्र सोडलेले नाही. त्याच्या रक्तातील हेटेरोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींत ‘कॅथेलिसिडिन-२’ हे पेप्टाइड, म्हणजे चिमुकले प्रथिन, साठविलेले असते. ते जंतूचे आवरण भेदते. इतकेच नव्हे, तर त्या आवरणातील विष बांधून ठेवून भक्षक पेशींचा अनावर क्षोभ शमविते आणि त्याच पेशींकरवी इतर रक्षक पेशींना पाचारणही करविते. संहार आणि संयम एकाच रेणूत नांदतात, ते असे. माणसांचा अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यास भारताने २०१९ मध्ये बंदी घातली. अशा वेळी या उपजत शस्त्राचे मर्म जाणणे माणसाच्याही हिताचे आहे.